होमस्टेड कायद्याची जमीन : कष्टाची कमाई की हिसकावलेले दान?

रानवाट (धागाकर्ता)

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वसाहतींचा विषय निघाला की हल्ली तिथे गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला लुटारूंच्या पंगतीत बसवले जाते, आणि ते मला पटत नाही. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन किरकोळ शुल्कात मिळे हे खरे. पण पाच वर्षे तिथे राहून, घर बांधून आणि जमीन कसून दाखवल्याशिवाय मालकीचा कागद हाती पडत नसे. नेब्रास्का-कॅन्ससच्या माळावर लाकूड दुर्मीळ, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीचे ठोकळे कापून भिंती रचायच्या. चुलीत गोवऱ्यांसारखे वाळलेले बायसनचे शेण जाळायचे, आणि पाऊस आला की छतातून चिखल गळायचा. १८७४ च्या टोळधाडीने उभी पिके फस्त केली आणि कित्येक कुटुंबे दावा सोडून परतली. दावा करणाऱ्यांत अविवाहित स्त्रिया होत्या, गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीयही होते. कॅन्ससमधील निकोडेमस हे गाव १८७७ साली त्यांनीच वसवले. या माणसांनी कोणाला लुटले?

सह्यकडा

असहमत. कष्ट कोणीच नाकारलेले नाहीत. कसायला जमीन मोकळी कशी झाली, एवढाच प्रश्न आहे. त्याच १८६२ सालचा ऑगस्ट पाहा. मिनेसोटातील डकोटा या मूळ रहिवाशांनी आधीच्या करारांत आपली बहुतेक जमीन सोडून दिली होती, त्या बदल्यात ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत, गोदामात धान्य असूनही उपासमार सुरू झाली आणि उठाव झाला. २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले आणि सहाच दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, होमस्टेड कायदा अमलात आला. पुढे त्याच वर्षी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) डकोटांशी झालेले करार रद्द करून त्यांना मिनेसोटातून हद्दपार केले. १८८७ च्या डॉज कायद्याने तर उरलेल्या सामायिक जमिनीचे तुकडे पाडून ‘जादा’ ठरलेली जमीन वसाहतीसाठी खुली केली. मूळ रहिवाशांकडे असलेली सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आली. शेतकऱ्याने बंदूक उचलली नसेल, पण त्याच्या आधी घोडदळ तिथून गेले होते.

पाणकळा

तुम्ही दोघेही पाण्याविषयी बोलत नाही. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात स्पष्ट सांगितले होते की तिथे ओलिताची ८० एकर किंवा चराईची २,५६० एकर जमीन असेल तरच कुटुंब तगेल. जमीन नांगरली की पाऊस वाढतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मंडळींपुढे त्यांचे कोणी ऐकले नाही. (असली भाकिते करणाऱ्यांना श्रोते नेहमीच मिळतात.) शिवाय काही महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरला की पाच वर्षे थांबावे लागत नसे, या पळवाटेतून गुराख्यांच्या नावाने दावे लावून घेणारे मोठे पशुमालक गबर झाले.

रानवाट

पाणकळा, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: पूर्वेकडच्या कचेरीत बसून आखलेल्या तुकड्यांची किंमत शेतकऱ्याने मोजली. सह्यकडा, मँकेटोच्या फाशीचे पाप निकोडेमसच्या माथी मारता येणार नाही. आणि हाच न्याय पुढे रेटला, तर आज त्या शेतकऱ्यांच्या पणतवंडांनी घरे रिकामी करायची का?

सह्यकडा

तशी मागणी करतो कोण? १८७७ मध्ये लाकोटा या मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ मुलखाबद्दल १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली, पण जमातींनी ती घेतली नाही; त्यांना डोंगर हवे आहेत. १९८५ साली सिनेटर बिल ब्रॅडली यांनी मांडलेल्या विधेयकात तिथली केवळ संघ सरकारच्या ताब्यातील जमीन परत द्यायची होती, खासगी शेते आणि घरे त्यातून स्पष्टपणे वगळली होती. कोणाच्याही पणतवंडाला उंबरा ओलांडावा लागणार नव्हता. तरीही ते संमत झाले नाही.