उन्हाळी मैलांना ‘छळ’ म्हणणाऱ्यांसाठी

पायवाट:
काल निवांत यांनी लिहिलं, ‘शाळेच्या क्रॉस कंट्रीच्या (माळरान-टेकड्यांवरच्या लांब पळण्याच्या) कोचने नववीतल्या मुलाच्या हातात सुट्टीभराचा मैलांचा तक्ता ठेवलाय. सीझन ऑगस्टमध्ये, मग जूनपासून हा छळ कशाला? पोरांना बालपण आहे की नाही?’ खाली +१ ची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

अहो, सीझन ऑगस्टमध्ये आहे म्हणूनच जूनपासून पळायचं! पाच किलोमीटरची शर्यत जवळजवळ सगळी दमावर चालते आणि दम दोन आठवड्यांत कमावता येत नाही. त्यातही दम आधी वाढतो, हाडं मागून सावकाश तयार होतात. सुट्टीभर सोफ्यावर लोळलेलं पोर पहिल्याच आठवड्यात टेकडीवर इंटरव्हल (थांबत थांबत जोरात पळण्याचे फेरे) मारतं आणि सप्टेंबरातल्या अमेरिकन लेबर डेला नडगीवर बर्फ धरून बसतं. उन्हाची सवय व्हायलाच दहा ते चौदा दिवस लागतात. न्यूझीलंडच्या लिडियार्ड या कोचने हेच केलं, आधी महिनोन्‌महिने नुसते मैल, वेग नंतर. त्याचा पीटर स्नेल १९६० ला रोममध्ये ८०० मीटर जिंकला, १९६४ ला टोकियोत ८०० आणि १५०० दोन्ही. आठशेवाल्याला मैल लागतात आणि पाच हजारवाल्याला नकोत?

निवांत:
स्नेल ऑलिंपिकला निघाला होता हो. आमचं ध्यान जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुय्यम संघात आहे. तक्त्यावर ‘ऐच्छिक’ छापलंय, पण सकाळी साडेसहाला कॅप्टन हजेरी घेतात. कोच नसतो, कारण आमच्या राज्यात सुट्टीत त्याने प्रॅक्टिस घेण्यावर बंधनं आहेत. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराने किती पळायचं हे सतरा वर्षांचं पोर ठरवणार! वर पाचशे मैल भरले की टीशर्ट. जुलैत आम्ही फिरायला गेलो, तर शेवटच्या आठवड्यात हा सकाळ-संध्याकाळ राहिलेले मैल भरून काढतोय. याला ट्रेनिंग म्हणायचं?

पायवाट:
टीशर्ट हा मूर्खपणा आहे, घ्या, दिलं. पण तो त्या टीशर्टवाल्याचा, मैलांचा नाही. नवख्याने आठवड्याला पंधरा-वीस मैल गप्पा मारत पळावेत, एक दिवस पूर्ण सुट्टी. यात छळ कुठे?

खडूस_काका:
‘गप्पा मारत’ पळतंय कोण? मनगटावर घड्याळ, घरी पोचायच्या आत स्ट्राव्हा या पळण्याच्या ॲपवर आकडा, आणि मित्राचा आकडा आपल्यापेक्षा बरा दिसला की उद्याचा सोपा दिवस शर्यतीचा होतो. माझा नातू पळून आल्यावर पाणी नंतर पितो, आधी घड्याळ बघतो. जूनमध्ये ती घड्याळं कुलपात टाका.
आणि कुणी ‘आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त मैल वाढवू नका’ हे तुणतुणं वाजवायच्या आत सांगतो. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनला नवख्या धावपटूंवर प्रयोग झाला, २००८ मध्ये छापून आला. दर आठवड्याला दहा टक्के वाढवणारे आणि भराभर वाढवणारे, दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच.

सईची_आई:
मैल, घड्याळ सगळं राहू द्या. रक्त तपासलंत का कुणी? सईने सुट्टीभर तक्ता तंतोतंत पाळला आणि सप्टेंबरमध्ये वेळ गेल्या वर्षीपेक्षा वाईट. कोच म्हणाला, ‘हिचं मन लागत नाहीये.’ पोरगी प्रॅक्टिसहून आली की बुटांसकट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, वर जायचं त्राण नसायचं. हिमोग्लोबिन अगदी नॉर्मल. मी हट्ट धरला म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासला, तो तळाला. पाळी, घाम आणि आपलं शाकाहारी ताट. तक्त्यात याला रकाना आहे का?

खडूस_काका:
आलंच! आता मटण चालू करा म्हणा.

सईची_आई:
काका, मटणाचं नाव मी घेतलं का? ती अजूनही शाकाहारीच आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, लिंबू पिळायला सांगितलं आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला.

खडूस_काका:
आमच्या चार पिढ्या वरण-भातावर आणि चहावर धडधाकट आहेत.

सईची_आई:
त्यातलं आठवड्याला चाळीस मैल कोण पळत होतं? आणि पाळी कुणाला येत होती, तुम्हाला?

टीपकागद:
भांडू नका. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय कुणी मुलांना देऊ नका, जास्त झालं तरी घातक असतं. पण मूळ दुखणं वेगळंच आहे, मुली पुरेसं खातच नाहीत. हलकं झालं की वेग वाढतो हे डोक्यात बसलंय. मग पाळी थांबते आणि घरचे म्हणतात, ‘खेळाडूंचं असंच असतं.’ नसतं! ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला, म्हणजे खेळाच्या मानाने खाणं कमी पडून होणाऱ्या त्रासाला, रेड-एस नाव दिलं आणि मुलग्यांनाही होतं हे स्पष्ट सांगितलं. आमच्या भाचीच्या नडगीला एकाच जागी दुखायचं, बोट ठेवलं की ओरडायची. सगळे म्हणाले शिनस्प्लिंट, पळणाऱ्यांचं नेहमीचं नडगीचं दुखणं. निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर.

निवांत:
मी बालपणाबद्दल विचारलं होतं. इथे चहावर मारामारी चाललीय.

पायवाट:
तुमचं बालपण पहिल्याच प्रतिसादात निकालात निघालं. ताई, फेरिटिनचं पटलं. तरी तुमच्या कोचचा राग सगळ्या तक्त्यांवर काढू नका.

सईची_आई:
‘मन लागत नाही’ हे तुमच्या लेकीला कुणी म्हणू दे, मग बोलू.

खडूस_काका:
बरं बाई, नातीची तपासणी करायला सांगतो सुनेला. पण माझा चहा दुपारचा असतो, जेवणाबरोबरचा नाही. नोंद घ्यावी.