दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात

गच्चीवरच्या दुधीची बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली की शेणखत वाढवायचा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. खत जास्त झालं तर वेल नुसता पानांनी माजतो. गच्चीवर बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. भोपळा, काकडीची फुलं सकाळी उमलतात, पण दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर रात्रीचे पतंग येतात. शहरात चौथ्या-पाचव्या मजल्यावर ते फारसे फिरकत नाहीत. त्यामुळे परागकण लावायला सकाळी फुलांवर ब्रश फिरवून उपयोग नाही. दिवेलागणीला ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. मादीफुलामागे इवलासा दुधी असतो, चटकन ओळखू येतं. आमच्याकडे असं करायला लागल्यापासून फळं धरतात.

आणि घरचा असला तरी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघाच. कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी टाकून द्या, कारण ते कडू द्रव्य विषारी असतं आणि शिजवूनही जात नाही. चांगला निघाला तर साली टाकू नका. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून चटणी करा. भाकरीबरोबर फार छान लागते.