के. ५४५: मुखडा परततो, पण घरी नाही

मोझार्टचा सी मेजरमधला (म्हणजे ‘सी’ला सा मानलेला) पियानो सोनाटा (के. ५४५, हा त्याच्या रचनांच्या कोशेल सूचीतला क्रमांक) म्हणजे सोनाटा-रचनेचा (दोन धुनी, मधला विस्तार, मग त्याच धुनी मूळ सुरात परत) पाठ्यपुस्तकी नमुना, असं सहसा म्हटलं जातं. पहिल्या भागाच्या सुरुवातीपुरतं ते पटतं. डाव्या हातात सा-प-ग-प असा तुटक स्वरांचा झुलता आधार, उजव्या हातात साधी धून, मग धावत्या सरगमी आणि दुसरी धून ‘जी’ मेजरमध्ये, म्हणजे पंचमाला सा मानून. सगळं नियमाप्रमाणे.

खरी गंमत ४२व्या मापात (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा खंड) आहे. मधला विस्तार जेमतेम १३ मापांचा, ‘जी’ मायनरमध्ये (म्हणजे कोमल गंधाराच्या सप्तकात) सुरू होणारा. तो संपून पहिली धून परत येते तेव्हा ती मूळ सी मेजरमध्ये यायला हवी. मोझार्ट ती एफ मेजरमध्ये आणतो, म्हणजे षड्जाऐवजी मध्यमाला सा मानून.

यात त्याने श्रम वाचवले, असं काही जण म्हणतात, कारण सीवरून जीला जाणारी वाटच एफवरून सीला आपोआप पोचवते. मला हे पटत नाही. नुसती नक्कल करायची असती तर सरगमींच्या जागी चार मापं वाढवली नसती! तिथे सरगमी डाव्या हातात उतरतात आणि उजवा हात थोडा मोकळा होतो. दुसरी धून सी मेजरमध्ये येईपर्यंत घरी पोचल्याचं समाधान तो राखून ठेवतो.

१७८८ साली स्वतःच्या रचनांच्या यादीत त्याने याची नोंद ‘नवशिक्यांसाठी’ अशी केली आहे. शिकवताना बोटांच्या सफाईबरोबर हे ४२वं मापही थांबून ऐकवावं. आधी ते सी मेजरमध्ये वाजवून दाखवावं, मग त्याने लिहिलंय तसं.