आखाजीचे गोड आणि दात

पुरणपोळी व आमरस यांमुळे दात किडतात, तेव्हा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गोडच वर्ज्य करावे, असे मत सणाच्या खाण्यावरील चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. साखर असो वा गूळ (गूळ दातांना निरुपद्रवी असतो ही समजूत निराधार आहे), तोंडातील जिवाणू तिचे आम्ल बनवतात, सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील (दाताच्या कठीण बाह्य आवरणातील) खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ही स्थिती पूर्ववत करण्यास अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून दुपारच्या एका पंगतीत मांडे आणि रस पोटभर खाणाऱ्यापेक्षा, झोक्यावर येता-जाता डब्यातील गोड सांजोरी दिवसभर तोंडात टाकणाऱ्याचे दात अधिक काळ आम्लात राहतात.

या चर्चेत तिखट-मिठाच्या पदार्थांचा मात्र कोणीच उल्लेख केलेला नाही. आमच्याकडे खानदेशात उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया आणि ज्वारीचे बिबडे (पापडासारखा पदार्थ) सणाच्या ताटात असतातच. त्यांचा पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत चिकटून बसतो व लाळेतील विकर (एन्झाइम) त्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करत राहते. माझ्या दंतवैद्यांनी मला गोडापेक्षा हेच पदार्थ खाण्याच्या सवयीबद्दल अधिक विचारले होते. रस आंबट असेल तर जेवल्याबरोबर ब्रश फिरवू नये, कारण मऊ पडलेले एनॅमल घासले जाते; तेव्हा साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा.