मदत हवी आहे: दाराचं लॅच लागत नाहीये, उद्या रात्रीची गाडी आहे!!

कोथिंबीरवडी | रात्री ९:१२

दोन दिवस झाले, मेन डोअरचं लॅच लागत नाहीये. चावी अर्धी फिरते आणि अडकते. आणखी जोर लावला तर चावीच पिळली जाईल अशी भीती वाटते. उद्या रात्री गणपतीला गावी निघायचंय, आठ दिवस घर बंद राहणार. नाक्यावरच्या चावीवाल्याला बोलावलं, त्याने दोन मिनिटं बघून "पूर्ण लॅच बदलावं लागेल, साडेतीन हजार" असं सांगितलं. खरंच बदलावं लागतं का? तेल घालून झालंय. कृपया "सुताराला बोलवा" सांगू नका, आमचा सुतार कालच गावाला गेला.

खटपट्या | ९:२०

कुठलं लॅच आहे? दाराच्या आतल्या अंगाला चौकोनी पेटी बसवलेली असते ते, की दाराच्या जाडीत बसलेलं, हँडलवालं? फोटो टाका.

कोथिंबीरवडी | ९:२४

साधंच आहे हो, सगळ्यांकडे असतं ते. फोटो चढत नाहीये, साइज जास्त आहे म्हणतंय.

खटपट्या | ९:२५

"साधं" या नावाचं लॅच कुठल्याच दुकानात मिळत नाही, ताई. पेटी आहे की नाही?

कोथिंबीरवडी | ९:३१

आहे पेटी. आत फिरवायची कळ, बाहेरून चावी. दार ओढलं की जीभ आपोआप अडकते, मग चावी दोनदा फिरवून पक्कं करायचं. त्यातलं पक्कं करणं होत नाहीये.

नाना_ठाणेकर | ९:३३

डिजिटल लॉक बसवा. मी दोन वर्षांपूर्वी बसवलं. बोट ठेवा, दार उघडतं. चावीची कटकटच संपली.

सुतारपक्षी | ९:३५

पावसाळा आहे, दार फुगलंय. आमच्याकडे दरवर्षी होतं. चौकटीला घासतं त्या कडेला रंधा मारा, अर्ध्या तासाचं काम.

अर्धवट_इंजिनियर | ९:३९

सुतारपक्षी, ऐन पावसात रंधा मारू नये. आत्ता फुगलेलं लाकूड डिसेंबरात आकसेल आणि मग फटीतून जिन्यातला दिवा दिसेल. आमच्या मागच्या घरी वडिलांनी हेच केलं होतं. पुढे त्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून ठेवायचो.

सुतारपक्षी | ९:४२

आमच्या दाराला तीनदा रंधा मारलाय, अजून फट नाही. प्रत्येकाचा अनुभव वेगळा. तासलेल्या कडेला लगेच वॉर्निश मारायचं एवढंच.

अर्धवट_इंजिनियर | ९:४४

ते मान्य. खरं तर दाराची वरची आणि खालची कड कोणी रंगवतच नाही, कारण ती दिसत नाही, आणि पाणी नेमकं तिथूनच पितं. पण हे दार फुगलंय हे आधी ठरलंय कुठे? धागाकर्ती, दार उघडं ठेवून चावी फिरवून बघितली का? उघड्या दारात दोन्ही फेरे पूर्ण फिरतात का?

देवगडचा_हापूस | ९:४६

तेल कुठलं घातलंत?

कोथिंबीरवडी | ९:५२

खोबरेल. घरात तेच होतं.

देवगडचा_हापूस | ९:५३

झालं! खोबरेल कधीही घालायचं नाही. धूळ धरतं आणि आत चिखल होतो. कुलपाला ग्रॅफाइट पावडर. नसेल तर पेन्सिलचं शिसं चावीच्या दातांवर घासा आणि चावी आतबाहेर करा.

निळी_छत्री | ९:५५

आम्ही शिलाई मशीनचं तेल घालतो, वीस वर्षं कुलूप लोण्यासारखं चालतंय. इतकं काही नाही हो.

देवगडचा_हापूस | ९:५७

तुमचं नशीब. समुद्राच्या वाऱ्यावर राहून बघा. इकडे खारी हवा, वर तेलाला चिकटलेली रेती. दोन पावसांत कुलूप बाद.

टोरांटोकर | ९:५९

इकडे थंडीत खोबरेलाचं तूप होतं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खालीच थिजायला लागतं. तुमच्याकडे माथेरानला कोणी घातलं तर जानेवारीत कुलूप उघडणार नाही.

नाना_ठाणेकर | १०:०१

डिजिटल लॉकला तेल लागत नाही.

निळी_छत्री | १०:०२

नाना, सेल संपले की काय करता?

नाना_ठाणेकर | १०:०४

आधी महिनाभर बीप वाजवतं. शिवाय आणीबाणीची चावी मिळते सोबत.

निळी_छत्री | १०:०५

म्हणजे चावी आहेच!

काळी_मांजर | १०:०९

कुलपांचा विषय निघालाच आहे तर विचारते. बॅगेला तीन आकड्यांचं नंबर लॉक आहे, नंबर विसरले. मलाही परवा निघायचंय. काही युक्ती?

अर्धवट_इंजिनियर | १०:१२

वेगळा धागा काढा. पण ऐका: ००० ते ९९९ मिळून हजारच नंबर. एका नंबराला दोन सेकंद धरले तरी साधारण तेहेतीस मिनिटं. मालिका लावून बसा. दर नंबराला कळ ओढायला विसरू नका.

धागाकर्ती, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

कोथिंबीरवडी | १०:१८

जेवायला वाढत होते. हो, बघितलं. दार उघडं असताना चावी मस्त फिरते, दोन्ही फेरे. पण उघड्या दाराला लॅच लावून मला काय उपयोग?

अर्धवट_इंजिनियर | १०:२१

उपयोग असा की तुमचे साडेतीन हजार वाचले. लॅच ठणठणीत आहे. नवीन बसवलं असतं तरी तेही अडकलंच असतं. जीभ पेटीतून बाहेर येते, पण चौकटीवरच्या खाचेत शिरत नाही, कडेवर आपटते. आता कुठल्या कडेवर ते शोधायचं. खडू आहे? नाहीतर जिभेला ओलं कुंकू लावा, दार ओढून घ्या, चावी जाईल तेवढी फिरवा, मग उघडून चौकटीवर डाग कुठे पडला ते बघा. एक जण आत थांबा, एक बाहेर. दोघेही बाहेर जाऊन प्रयोग नको.

वास्तुपुरुष | १०:२४

मुख्य दार अडणं हे घरात येणारी लक्ष्मी अडण्याचं लक्षण आहे. दाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

खटपट्या | १०:२५

लिफ्टच्या दिशेला असेल. चौथ्या मजल्यावर अजून कुठे असणार?

कोथिंबीरवडी | १०:२६

पाचवा. आणि हो, लिफ्टकडेच 😀

जुना_वाडा | १०:३०

आमच्या वाड्याला कडी-कोयंडा आणि आतून आडसर. भिंतीतल्या भोकात सरकणारा सागवानी आडसर, ढकलायला दोन माणसं लागायची. ना लॅच ना तेल. मुंबईत ही कुलपांची फॅक्टरी संस्कृती १८९७ पासूनची, अर्देशीर गोदरेजांनी लालबागला कारखाना काढला तेव्हाची. ते आधी वकील होते, वकिली सोडून कुलपांत पडले. आजोबा म्हणायचे, धंदा दोन्हीकडे एकच, समोरच्याची किल्ली ओळखायची.

देवगडचा_हापूस | १०:३३

शनिशिंगणापूरला घरांना दारंच नाहीत. २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली ती बिनकुलपाची शाखा म्हणून पेपरात गाजली होती.

निळी_छत्री | १०:३४

धागाकर्तीला शिंगणापूरला घर घ्यायला सांगताय का?

कोथिंबीरवडी | १०:४९

कुंकवाचं केलं. चौकटीवरच्या पेटीच्या भोकाखालच्या कडेवर डाग पडलाय. भोकाच्या खाली साधारण तीन मिलिमीटर. सासूबाई म्हणाल्या रात्रीचं दाराला कुंकू कशाला लावतेस, आता त्यांना काय सांगू.

सुतारपक्षी | १०:५२

मग कानस घ्या आणि भोक खाली तीन मिमी वाढवा. पत्रा मऊ असतो. संपला विषय. किंवा पेटीचे स्क्रू ढिले करून पेटीच खाली सरकवा.

अर्धवट_इंजिनियर | १०:५५

विषय संपला नाही, सुरू झाला. लाकूड फुगलं असतं तर दार कडेने घट्ट झालं असतं. जीभ खाली आलीय म्हणजे दार बसलंय. आत्ता भोक वाढवाल, दार अजून खचेल, मग पुन्हा कानस. धागाकर्ती, तीन गोष्टी सांगा. फरशीवर दाराने कमानीसारखा ओरखडा पडलाय का? बिजागऱ्यांच्या बाजूला दार आणि चौकट यांच्यातली फट वर जास्त आणि खाली कमी आहे का? आणि दार थोडं वर उचलून चावी फिरवली तर काय होतं?

कोथिंबीरवडी | ११:०३

ओरखडा आहे. मला वाटायचं मावशी बादली ओढतात म्हणून. (उगाच बोलले होते त्यांना.) वरच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड दुमडून जातं, खालच्या फटीत साधंही जात नाही. आणि उचलून फिरवली तर लागतंच की. सासूबाई गेले सहा महिने दार उचलूनच लावतात. परवापासून उचलूनसुद्धा जड जायला लागलंय.

खटपट्या | ११:०४

🤦 सहा महिने!!

अर्धवट_इंजिनियर | ११:०४

हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

कोथिंबीरवडी | ११:०६

अहो ते नेहमीचंच आहे. आमच्याकडे सगळे तसंच लावतात. बिघाड परवापासून आहे.

अर्धवट_इंजिनियर | ११:११

बरं. वरच्या बिजागरीकडे बघा. दाराचा निम्म्याहून जास्त ताण तिच्यावर येतो. स्क्रूड्रायव्हर लावून प्रत्येक स्क्रू पिळून बघा. किती गच्च आहेत, किती नुसतेच गोल फिरतात?

कोथिंबीरवडी | ११:२०

चार स्क्रूंपैकी एक नाहीच. भोक आहे फक्त. दोन नुसते फिरतात. एकच घट्ट आहे. चौकटीकडच्या बाजूचे हे सगळे. दाराकडचे ठीक आहेत.

नाना_ठाणेकर | ११:२१

म्हणजे एवढं वजनदार दार एका स्क्रूवर? डिजिटल लॉकनेही भागलं नसतं. मान्य करतो.

निळी_छत्री | ११:२२

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सुतारपक्षी | ११:२६

आता माझं ऐका, हे काम मी पन्नास वेळा बघितलंय. भोकात फेविकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकायच्या, गुल काढून. बाहेर राहतील तेवढ्या कापायच्या आणि परत तोच स्क्रू. लाकूड नव्यासारखं धरतं.

अर्धवट_इंजिनियर | ११:३०

उपाय बरोबर आहे, पण फेविकॉल रात्रभर सुकायला हवा आणि तोवर दार लोंबकळत ठेवायचं का? घाईत लांब स्क्रू बरा. चौकट लाकडाची आहे ना? ग्रॅनाइट किंवा पत्र्याची नाही?

कोथिंबीरवडी | ११:३२

लाकडाची. जुनी बिल्डिंग आहे. सागवानी आहे असं सासरे म्हणतात, पण ते सगळ्यालाच सागवानी म्हणतात.

अर्धवट_इंजिनियर | ११:४१

चालेल. आत्ता बसवलेले स्क्रू बहुतेक पाऊण-एक इंची असतील. उद्या सकाळी हार्डवेअरच्या दुकानात निघालेला एक स्क्रू नमुन्याला न्या. त्याच जाडीचे, दोन इंची, चपट्या डोक्याचे तीन स्क्रू मागा. डोकं बिजागरीच्या खळग्यात पूर्ण बसलं पाहिजे, वर राहिलं तर दार बंद होणार नाही.

घरी आल्यावर लॅचच्या बाजूच्या कोपऱ्याखाली मासिकं किंवा पुठ्ठा सरकवून दार तीन-चार मिमी वर उचलून धरा. तसं टेकवलेलं असतानाच स्क्रू बसवा. जो एक घट्ट आहे त्याला अजिबात हात लावू नका, बाकीचे तीन बसेपर्यंत दार त्याच्या जिवावर आहे. आटे मेणबत्तीवर किंवा साबणावर घासून घ्या, जुनं लाकूड कडक असतं, नाहीतर स्क्रूची खाच जाईल. शेवटी घट्टवालाही बदलला तर उत्तम.

सुतारपक्षी | ११:४४

दार धरायला माणूस लागेल. पुठ्ठा सरकतो. माझ्या अंगठ्याला विचारा.

देवगडचा_हापूस | ११:४६

आणि ते खोबरेल?

अर्धवट_इंजिनियर | ११:४७

गावाहून आल्यावर. आज रात्री त्यात अजून काही घालू नका.

काळी_मांजर | १२:०८

४१७ पर्यंत आले. हात दुखला. झोपते.

वास्तुपुरुष | सकाळी ७:३०

पण दिशा सांगितली नाहीत.

कोथिंबीरवडी | दुपारी १:१४

झालं!! दुकान दहाला उघडलं. तीन स्क्रू पंधरा रुपयांत. दुकानदाराने विचारलं बाई, सुतारकाम शिकताय का. दार सासऱ्यांनी धरलं, खाली पंचांगाचे जुने गठ्ठे सरकवले, त्यावरून थोडी बोलणी खाल्ली. पहिला स्क्रू अर्ध्यात अडकला, मग मेणबत्ती आठवली. लॅच एका बोटाने लागतंय, दोन्ही फेरे. सासूबाईंनी सवयीने दार उचललं आणि म्हणाल्या, "हे हलकं का झालं?"

चावीवाला भेटला खाली, "बदललं का लॅच?" विचारत होता. मी हो म्हटलं.

अर्धवट_इंजिनियर, सुतारपक्षी, खटपट्या, सगळ्यांना उकडीचे मोदक लागू.

खटपट्या | १:२०

चावीवाल्याला हो का म्हणालात!

कोथिंबीरवडी | १:२२

घाई होती. खोटं बोलायला कमी वेळ लागतो.

काळी_मांजर | २:०५

६३२. उघडली. कोणाची जन्मतारीखही नाही ती.

कोथिंबीरवडी | संध्याकाळी ६:४०

अजून कोणी आहे का इथे? गाडी साडेनऊची आहे. लॅच उत्तम, पण आता दाराची खालची कडी लागत नाहीये. फरशीतल्या भोकात शिरतच नाही, कडेवर टेकते.

अर्धवट_इंजिनियर | ६:४४

भोक कधी पाडलं होतं?

कोथिंबीरवडी | ६:४७

दिवाळीच्या आसपास. आमच्या सुतारानेच. तेव्हाही कडी लागत नव्हती म्हणून थोडं बाजूला नवीन भोक पाडून दिलं त्याने.

सुतारपक्षी | ६:४८

म्हणजे दार दिवाळीपासूनच खचलेलं होतं आणि त्याने खचलेल्या दाराच्या मापाने भोक पाडलं. जुनं भोक बुजवलं का?

कोथिंबीरवडी | ६:५३

त्यात पायपुसणं अडकायचं म्हणून मीच पांढरं सिमेंट भरलं होतं.

खटपट्या | ६:५४

हेही पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

अर्धवट_इंजिनियर | ६:५६

बाहेरून जाताना खालची कडी लागतच नाही, ताई, ती आतून लावायची असते. लॅच लावा आणि गाडी पकडा. सिमेंट आल्यावर फोडू.