कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर
फाउंड फुटेज म्हणजे पात्रांनीच केलेलं चित्रण नंतर सापडलंय, असं भासवणारा सिनेमा. त्यात हलत्या कॅमेऱ्याने डोकं दुखतं, भीती कसली वाटणार, अशी एक तक्रार असते. जंगलातल्या पळापळीपुरतं मान्य. पण झपाटलेल्या घराच्या गोष्टीत कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवता येतो आणि तिथेच हा प्रकार बाजी मारतो. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' (२००७) घ्या. पलंगावर दोघं झोपलेले, डावीकडे उघडं दार, पडद्याच्या कोपऱ्यात, चित्रण पुढे पळवल्यामुळे भराभर पळणारं घड्याळ. ते नेहमीच्या वेगावर आलं की आपण आपोआप सावरून बसतो! पार्श्वसंगीत नाही, क्लोजअप नाही. कुठे बघायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून आपणच दार, चादर, अंधार चाचपत राहतो. मला खटकतं ते एवढंच, की जीव मुठीत धरून पळतानाही माणूस कॅमेरा टाकून का देत नाही? याचं पटणारं कारण फार थोडे दिग्दर्शक देतात.