मदत हवी आहे: सोलापूरचा उन्हाळा, ४५ लिटर खारं पाणी आणि आक्रसलेलं समुद्रफूल

काचपट्टी:

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मोजमाप आणि नोंदी यांची सवय आहे, मासे पाळायची मात्र नव्हती. धाकटा भाऊ मार्चमध्ये नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली करून गेला. टाकी दोन बाय एक बाय एक फूट आहे. दगड आणि वाळू वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटर. टाकी चौदा महिने जुनी आहे. आत दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी आणि एक सी अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल. हे समुद्रफूल भावाने निघायच्या महिनाभर आधी आणलं होतं.

अडचण सगळी एप्रिलमध्ये सुरू झाली. बाहेर ४२ अंश, टाकीत ३१. भावाने फोनवर सांगितलं म्हणून पाण्यावर वारा जाईल असा छोटा पंखा बसवला. तापमान २७.५ पर्यंत उतरलं, पण पाणी भराभर उडायला लागलं, रोज सव्वा लिटरच्या आसपास. आणि इथे माझी चूक झाली. कमी झालेलं पाणी मी चार दिवस मिठाचं पाणी घालून भरत राहिले. खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालायचं, असं वाटलं. पाचव्या दिवशी लॅबमधल्यासारखी वही काढून हिशेब मांडला तेव्हा पोटात गोळा आला. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, आणि मी वरून रोज आणखी मीठ ओतत होते. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं यंत्र) क्षारता ३९ आली, म्हणजे हजार भाग पाण्यात ३९ भाग मीठ. हवी होती ३५.

आताची परिस्थिती: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४०. मासे खातात. कोळंबी दगडामागे बसून असते, पूर्वी हात घातला की बोटांवर चढायची. समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलंय, तपकिरी रंग जाऊन फिकट पिवळट झालंय, आणि दोन दिवसांत जागा बदलून पाण्याच्या पंपाजवळ सरकलंय. तोंड थोडं उघडं दिसतं.

माझे प्रश्न असे. क्षारता एकदम खाली आणू की हळूहळू? समुद्रफुलाला वाचवायला आज रात्री काय करू? आणि तिसरा प्रश्न विचारायला जड जातंय, पण विचारते: एवढ्या टाकीत, या गावात, त्याला ठेवणं बरोबर आहे का? दुकानदार म्हणतो, "ते गेलं तर जाऊ द्या, समुद्रघोड्यांची जोडी आणून देतो." मला ते ऐकवेना.

भवानीपेठ:

ताई, मी पण सोलापूरचाच. माझ्याकडं गोड्या पाण्याच्या टाक्या आहेत, खाऱ्याचं ज्ञान नाही, पण उन्हाचं सांगतो. आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं पंख्यानं पाणी चांगलं गार होतं. त्याच खोलीत कूलर लावला तर दमट होऊन पंख्याचा उपयोग कमी होतो. टाकी कूलरच्या खोलीत ठेवू नका. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी जाड चादर लावा. आणि लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर पाण्याचा पंप जोडून ठेवा, तो फार वीज खात नाही. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, त्यात पंप बंद पडला तर तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडतात. मी हे बघितलंय.

खारंवारं (पुणे):

काचपट्टीताई, चूक तुम्ही स्वतःच शोधलीत, आता तिची भरपाई घाईने करू नका. क्षारता चढली त्यापेक्षा वेगाने, एका झटक्यात उतरली तर कोळंबी आधी जाईल. कोळंबी आणि समुद्रफूल यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर बदलतं, माशांसारखा मिठाचा तोल त्यांना सांभाळता येत नाही. रोज टाकीतलं १ लिटर खारं पाणी काढा आणि तेवढंच साधं आरओचं पाणी हळूहळू घाला. ३९ ला ४४ भागिले ४५ ने पाच वेळा गुणा, ३५ च्या अगदी जवळ येता. म्हणजे पाच दिवस. उडालेलं पाणी वेगळं, तेही फक्त आरओने भरायचं, दिवसातून दोनदा थोडं थोडं. टाकीच्या काचेवर चिकटपट्टीने पाण्याची पातळी आखून ठेवा, म्हणजे अंदाज लागत नाही असं होणार नाही.

नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. त्यात क्लोरीन, क्षार, कधी तांबं असतं. तांबं कोळंबी आणि समुद्रफूल दोघांनाही विष आहे. दुकानदाराने माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचं, औषध दिलं तर ते या टाकीत एक थेंबही जाऊ देऊ नका. त्याच खोलीत डासांचं लिक्विड लावत असाल तर आजच बंद करा. डास मारणारी रसायनं कोळंबीवर्गाला फार लवकर मारतात, आणि पंखा खोलीतली हवा थेट पाण्यावर फेकतोय.

आता समुद्रफूल. ते प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. प्रकाशावर ती अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. तपकिरी रंग त्यांचाच. उष्णता, क्षारता किंवा कमी प्रकाशाचा ताण आला की ती शैवालं निघून जातात, रंग फिका पडतो आणि प्राणी उपाशी राहायला लागतो. दिवा कोणता आहे ते सांगा. गोड्या पाण्यातल्या झाडांचा साधा पांढरा एलईडी असेल तर तो याला अपुरा पडतो. एकदम तीव्र दिवाही लावू नका, भाजेल.

आज रात्रीचं काम: पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा. सरकताना तिथे ओढलं गेलं तर त्याच्या चिंधड्या होतात. त्याला ओढून हलवू नका, पायाची चकती फाटली तर भरून येणं कठीण. दोन दिवसांनी वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा, मिठाशिवाय, मसाल्याशिवाय, चिमट्याने समुद्रफुलाच्या बोटांजवळ (तोंडाभोवतीच्या सोंडांजवळ) धरा. चिकटला आणि आत गेला तर जीव आहे. नाही घेतला तर कोंबू नका, तुकडा काढून घ्या. तोंड सताड उघडं पडलं, कडा विरघळायला लागल्या आणि पाण्याला सडका वास आला, तर मात्र अर्ध्या रात्रीही बाहेर काढा. ४५ लिटरमध्ये मेलेलं समुद्रफूल एका रात्रीत बाकीच्यांना घेऊन जातं.

नायट्रेट ४० जास्त आहे. मासे मागतात म्हणून खाऊ घालत असाल. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

समुद्रघोड्यांचं दुकानदाराला स्पष्ट नाही म्हणा. भारतात तो प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षित आहे, पकडणं-विकणं गुन्हा आहे. शिवाय त्याला पोट नसतं, खाल्लेलं झपाट्याने पुढे जातं, म्हणून दिवसातून अनेकदा बारीक खाद्य लागतं, आणि पाणी तुमच्या टाकीपेक्षा थंड लागतं. नोकरी करणाऱ्या माणसाकडे सोलापूरच्या मे महिन्यात तो उपाशी मरेल.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. क्लाऊनफिश राहू द्या. त्यांची पैदास आता टाक्यांमध्ये होते, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय, आणि समुद्रफुलावाचून ते सुखाने जगतात. समुद्रफुलाला मात्र मोठं, स्थिर पाणी हवं. छोट्या टाकीत सव्वा लिटर उडालं तरी क्षारता पॉइंटभर हलते, ३०० लिटरमध्ये कळतही नाही.

काचपट्टी:

मनापासून आभार. दिवा साधा पांढराच आहे. स्पंज बांधला, डासांचं लिक्विड काढून मच्छरदाणी लावली. खायला खरंच जास्त घालत होते, ते दोघे काचेपाशी येऊन नाचतात आणि मला राहवत नाही.

एक विचारू का? आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर वाया घालवतो. घरात यावरून बोलणं होतं, आणि ते चूक नाही.

भवानीपेठ:

वाया जाणारं पाणी बादलीत धरा ताई. फरशी, संडास, गाडी. आम्ही तेच करतो. कुंड्यांना मात्र रोज नको, क्षार साचतात.

मुळामुठा:

पुण्यात माझी ३५० लिटरची टाकी आहे, चार वर्षं झाली. समुद्रफूल घ्यायला तयार आहे, पैसे नकोत. आधी क्षारता ३५ वर येऊ द्या आणि ते चार दिवस स्थिर राहू द्या, आजारी प्राणी प्रवासात टिकत नाही. दगडाला चिकटलं असेल तर दगडासकट आणा. आणताना त्याच्या पिशवीत मासे घालू नका.

काचपट्टी (नऊ दिवसांनी):

नोंदी देते. पाचव्या दिवशी क्षारता ३५, तेव्हापासून तिथेच. तापमान २६.५ ते २७.५. नायट्रेट २०. कोळंबीने कात टाकली, पहिल्यांदा पारदर्शक सांगाडा बघून ती मेली असं वाटून मी रडले, मग ती दगडाखालून हळूच बाहेर आली. भावाला फोटो पाठवला.

समुद्रफुलाने सातव्या दिवशी तुकडा घेतला. तोंड मिटलंय. रंग अजून फिकाच आहे, पण बोटं पसरतात आणि मोठा क्लाऊनफिश, म्हणजे मादी, त्यात अंग घासते. देऊन टाकायचं ठरवल्यावर हे दिसावं, याचा त्रास झाला. तरी ठरलंय ते ठरलंय. ते पंपाजवळून सरकून एका सुट्या दगडावर बसलंय, त्यामुळे दगडासकटच येईल.

मुळामुठा, रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघते, म्हणजे ऊन चढायच्या आत पुण्यात पोचेन. थर्माकोलचा डबा लॅबमधून मिळाला आहे. पिशवी, आतलं ५ लिटर टाकीचं पाणी आणि बाजूला बॅटरीवरचा हवेचा पंप एवढं घेते. गाडीत डबा थंड ठेवायला बर्फाची बंद बाटली ठेवू का, की तसंच बरं?

मुळामुठा:

गाडीत एसीच्या डब्यात असाल तर बाटली नको ताई, तापमान आपोआप सांभाळलं जातं. साध्या डब्यात असाल तर बाटली टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या डब्याच्या कोपऱ्यात ठेवा, पिशवीला टेकवू नका. थर्मामीटर सोबत घ्या. मी स्टेशनवर येतो, माझ्या टाकीतलं पाणी घेऊन. घरी नेल्यावर ठिबक पद्धतीने दीड तास माझ्या पाण्याची सवय करू, तुम्ही थांबा आणि बघूनच जा.